आलीस गी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूकपटांवर बोलायला गेले की लोक जादूपट करणाऱ्या मेलिएसचं नाव ऐकून मान डोलावतात, सिनेमाचं यंत्र काढणाऱ्या ल्युमिए बंधूंचं ऐकून डोलावतात आणि आलीस गीचं ऐकलं की वही उघडतात. पुढचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. दरवेळी तीच उत्तरं देण्यापेक्षा ती इथे लिहून ठेवते आहे.

आधी उच्चार सांगा. ‘गाय’ की ‘गाई’?

‘गी’. रोमन स्पेलिंग इंग्रजी पद्धतीने वाचलं की तिची गाय होते. एका कार्यक्रमाच्या फलकावर तसं छापूनही आलं होतं आणि प्रेक्षकांत बराच वेळ खसखस पिकली होती. पहिलं नाव सोपं आहे. ‘तू कधी आलीस?’ मधलं ‘आलीस’. लग्नानंतर ती आलीस गी-ब्लाशे झाली, अमेरिकेत तर मादाम ब्लाशेच. म्हणून पुस्तकांत ती दोन-तीन नावांनी सापडते.

एका वाक्यात ही कोण?

चित्रपट दिग्दर्शित करणारी जगातली पहिली स्त्री. पण या ‘पहिली’वरच लोक थांबतात याचा मला थोडा कंटाळा आला आहे. पहिली असणं हा काही अंशी योगायोग असतो. त्यानंतर पंचवीस वर्षं ती रोज कामावर गेली, माणसं घेतली, सेट उभे केले, हिशेब पाहिले, दोन देशांत चित्रपटनिर्मिती सांभाळली. माझ्या मते सांगण्यासारखं ते आहे.

फाळक्यांना ‘ते’ आणि हिला ‘ती’ का म्हणता?

एका कार्यक्रमात एका मुलीने हे विचारलं आणि मला पटकन उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर तिचं नाव घेतलं की डोळ्यांसमोर येते ती कारकुनाच्या टेबलाशी बसलेली विशीतली टायपिस्ट, आणि तोंडून ‘ती’ निघून जातं. चूक मान्य, पण सवय आता मोडणार नाही.

बालपण कुठे गेलं?

एका ठिकाणी गेलंच नाही. वडील एमिल गी यांची दक्षिण अमेरिकेत, चिलीमध्ये पुस्तकांची दुकानं होती, सँटियागोत आणि व्हालपारायसोत. आधीची भावंडं तिकडे जन्मली. निदान एक मूल तरी फ्रान्समध्ये जन्मावं म्हणून आई बोटीने इकडे आली आणि 1 जुलै 1873 रोजी पॅरिसला लागून असलेल्या सँ-मांदेत आलीस जन्मली. आई परत चिलीला गेली, पोर स्वित्झर्लंडमध्ये आजीपाशी राहिली. तीन-चार वर्षांची झाल्यावर आई न्यायला आली, तेव्हा पोरीला आई अर्थातच अनोळखी. मग चिली, मग सहाव्या वर्षी पुन्हा युरोप आणि ख्रिस्ती जोगिणींच्या निवासी शाळेत रवानगी. पुढे वडिलांचं दिवाळं निघालं, मोठा भाऊ गेला आणि 1891 मध्ये वडीलही गेले. घरात उरल्या आई आणि आलीस, आणि पैसे कोणीतरी मिळवायचे होते.

तिने टंकलेखन आणि लघुलिपी शिकून घेतली. त्या काळात टाइपरायटर ही नवलाईची वस्तू होती, आज एखाद्या मुलीने नव्या संगणकभाषेचा कोर्स करावा तसं.

सेक्रेटरीची दिग्दर्शक कशी झाली?

1894 मध्ये ती पॅरिसमधल्या एका फोटोग्राफीच्या सामानाच्या पेढीत नोकरी मागायला गेली. मुख्य मालक जागेवर नव्हते, म्हणून तिची मुलाखत तिथल्याच लेओं गोमाँ नावाच्या तरुण व्यवस्थापकाने घेतली. शिफारसपत्र चांगलं आहे पण जागा जबाबदारीची आहे, तुम्ही फार लहान वाटता, असं तो म्हणाला. आलीसने उत्तर दिलं की साहेब, वय काय, ते आपोआप जाईल. नोकरी मिळाली. हा किस्सा तिच्याच आठवणींत आहे, तेव्हा थोडी कल्हई केलेली असेलही, पण पुढचं सगळं पाहता ही बाई असंच बोलली असणार.

वर्षभरात मूळ मालकाला धंदा सोडावा लागला आणि गोमाँने भागीदार जमवून तो विकत घेतला. भागीदारांत आयफेल टॉवरवाले गुस्ताव्ह आयफेलही होते. आलीस नव्या पेढीची सेक्रेटरी म्हणून राहिली. पत्रव्यवहार तिच्याकडे, येणारे-जाणारे शास्त्रज्ञ आणि संशोधक तिच्या ओळखीचे, कॅमेऱ्याच्या भागांची नावं पाठ. हे मी मुद्दाम सांगते, कारण ‘एका टायपिस्टला अचानक संधी मिळाली’ अशी गोष्ट रंगवली जाते. अचानक काही नव्हतं. तंत्राची भाषा तिला टेबलावरच येऊन मिळाली होती.

22 मार्च 1895 रोजी ल्युमिए बंधूंनी पॅरिसमधल्या एका संस्थेच्या सभेत हलती चित्रं दाखवणारं आपलं यंत्र दाखवलं. पैसे घेऊन केलेला तो प्रसिद्ध डिसेंबरचा खेळ नव्हे, त्याच्या नऊ महिने आधीचं हे खासगी प्रात्यक्षिक. गोमाँ आणि आलीस दोघंही हजर होते. पडद्यावर कारखान्यातून कामगार बाहेर पडत होते. सगळे थक्क. गोमाँच्या डोक्यात आलं की असं यंत्र आपणही विकावं. आलीसला वाटलं की यात काहीतरी गोष्ट हवी.

तेव्हा गोमाँच्या पेढीचा धंदा कॅमेरे विकण्याचा होता. कॅमेरा चालतो हे गिऱ्हाईकाला दाखवण्यापुरत्या फिती काढल्या जात: रस्त्यावरची वर्दळ, पलटणीचं संचलन, स्टेशनात शिरणारी आगगाडी. आलीसने मालकाला विचारलं की एक-दोन छोटी नाटुकली लिहून मैत्रिणींकडून करून घेऊ का? गोमाँ हसला, पोरीबाळींचाच खेळ आहे, करा म्हणाला. अट एकच, ऑफिसच्या पत्रव्यवहाराला उशीर होता कामा नये. पहिल्या स्त्री-दिग्दर्शिकेला मिळालेली परवानगी ही अशी, सुट्टीच्या अर्जासारखी.

‘कोबीची परी’ हा खरंच जगातला पहिला कथापट?

‘ला फे ओ शू’ म्हणजे कोबीची परी. फ्रान्समध्ये मुलांनी ‘बाळ कुठून येतं?’ विचारलं की मोठी माणसं सांगत, मुलगे कोबीतून निघतात आणि मुली गुलाबातून. आपल्याकडे ‘देवबाप्पाने दिलं’ म्हणतात तसंच. आलीसने तेवढीच गोष्ट घेतली. पॅरिसच्या बेलव्हिल भागात गोमाँची कार्यशाळा होती, तिथे उघड्यावर रंगवलेला पडदा टांगला, कोबीचे नकली गड्डे मांडले, एका मैत्रिणीला परी केलं आणि कोबीमागून बाळं उचलून दाखवायला सांगितलं. संपला चित्रपट. जेमतेम मिनिटभर.

वाद तारखेचा आहे. आलीस आयुष्यभर 1896 म्हणत राहिली. आज जी फीत पाहायला मिळते ती बरेच अभ्यासक 1900 ची मानतात, आणि 1902 साली तिने हाच विषय जरा मोठा करून पुन्हा केला, त्यात एक जोडपं कोबीच्या मळ्यावर बाळ विकत घ्यायला येतं. तिच्या आठवणींतलं वर्णन कधी एकाशी जुळतं, कधी दुसऱ्याशी. काहींच्या मते 1896 ची आवृत्ती वेगळी होती आणि ती हरवली, काहींच्या मते वय झाल्यावर तिच्या आठवणीत दोन चित्रपटांची सरमिसळ झाली.

शिवाय ल्युमिएंनी 1895 सालीच माळ्याच्या अंगावर पाण्याची नळी उडवणारी गंमत चित्रित केली होती. तीही गोष्टच म्हणायची. त्यामुळे ‘जगातला पहिला कथापट’ ही पाटी कुणाच्या दारावर लावायची हे ‘कथा’ कशाला म्हणायचं यावर ठरेल. पाटी नाही लागली तरी आलीसचं काही बिघडत नाही.

आणि तुम्ही ती वाटाण्याची गोष्ट नेहमी सांगता ती?

ती माझी आवडती जुळणी आहे, इतिहासात तिला काही वजन नाही. दादासाहेब फाळके 1912 मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आले आणि भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याचा वेल कसा वाढतो ते एकेक चौकट घेत चित्रित केलं. तिकडे सुरुवात कोबीने, इकडे वाटाण्याने. सिनेमाच्या जन्मकथेत एवढी भाजी कशी आली कोण जाणे.

गोमाँकडे तिचं नेमकं पद काय होतं?

आजच्या भाषेत निर्मितीप्रमुख. साधारण 1897 पासून 1907 मध्ये अमेरिकेला जाईपर्यंत गोमाँचे कथापट तिच्या हाताखालून जात. सुरुवातीला ते सगळे ती स्वतःच करत होती. काम वाढलं तशी तिने माणसं घेतली. पुढे गुन्हेगारी मालिकांमुळे गाजलेला लुई फुईयाद आधी तिच्याकडे कथा विकायला आला होता. ती निघाली तेव्हा आपल्या जागी त्याला नेमा असं तिनेच गोमाँला सुचवलं. 1905 मध्ये ब्यूत-शोमाँ भागात गोमाँने काचेच्या छताचा प्रचंड स्टुडिओ बांधला, त्याची पहिली प्रमुख हीच.

तिने बोलपट केले होते असं वाचलं. मूकपटांच्या काळात?

केले, आणि हे ऐकून मराठी प्रेक्षकाला सगळ्यात जास्त मजा येते.

गोमाँने ‘क्रोनोफोन’ नावाचं यंत्र काढलं होतं. एका बाजूला फोनोग्राफ, दुसऱ्या बाजूला प्रोजेक्टर, आणि दोन्ही एका चालीने चालतील अशी विजेची जोडणी. अडचण अशी की तेव्हाचा ध्वनिमुद्रणाचा कर्णा इतका मठ्ठ होता की गायकाने त्याच्या अगदी तोंडाशी उभं राहावं लागे. म्हणजे कर्णा चित्रात येणार. यावर तोडगा असा: आधी गाणं मुद्रित करायचं, नंतर गायकाला सेटवर उभं करून ते मोठ्याने लावायचं आणि त्यावर त्याने ओठ हलवत हावभाव करायचे. कॅमेरा फक्त चित्र टिपणार.

ओळखलंत ना? हे आपलं प्लेबॅक. फरक एवढाच की ओठ हलवणारा आणि गाणारा माणूस तिथे बहुतेक एकच असे. अशा ‘फोनोसेन’ आलीसने 1902 ते 1906 च्या दरम्यान शंभराहून अधिक केल्या. पॅरिसच्या संगीतगृहांतले द्रानेम, मायोल, पोलँ हे त्या वेळचे लाडके गायक तिच्यासमोर उभे राहिले.

1905 ची एक लहानशी फीत टिकून आहे. तीत आलीस स्वतः दिसते, फोनोसेनचं चित्रण करून घेताना. लांब झगा, केस वर बांधलेले, भोवती नट, नाचणाऱ्या मुली, कॅमेरामन, दिवे, आणि ही मधून फिरते, कुणाला हलवते, मागे जाते, फोनोग्राफपाशी येते. नाट्यमय काहीच नाही. शंभर माणसांच्या स्वयंपाकावर लक्ष ठेवणारी बाई जशी वावरते तसं वावरणं. तिच्याबद्दल एकच गोष्ट दाखवायला वेळ असेल तर मी ही दाखवते.

तिचा एखादा चित्रपट जरा उलगडून सांगाल?

‘मादाम आ देझाँव्ही’, 1906, म्हणजे ‘बाईसाहेबांना डोहाळे लागलेत’. चार-एक मिनिटांचा. पोट चांगलंच पुढे आलेली एक बाई रस्त्याने चालली आहे, मागून नवरा बाबागाडी ढकलत येतो आहे. वाटेत एक लहान मुलगी गोळी चोखते आहे. बाई थांबते, इकडेतिकडे बघते आणि मुलीच्या हातातून गोळी हिसकावते. इथे आलीस कॅमेरा एकदम जवळ आणते. मागचं बाग-रस्ता सगळं गायब, नुसती पांढरी पार्श्वभूमी आणि बाईचा चेहरा. ती गोळी चोखते, डोळे मिटते, गाल फुगवते, पुन्हा चोखते. निर्लज्ज, निखळ सुख.

मग कॅफेतल्या माणसाचा अबसिंथचा, म्हणजे कडक दारूचा, पेला, भिकाऱ्याचा हेरिंग मासा, फेरीवाल्याचा पाइप. दरवेळी चोरी दुरून आणि सुख जवळून. नवरा बिचारा मागून माफी मागत फिरतो. शेवटी दोघांची जुंपते, बाई कोबीच्या वाफ्यात कोसळते आणि तिथून बाळ निघतं.

चित्रपटात क्लोज-अपचा वापर प्रथम कुणी केला यावर पानंच्या पानं खर्ची पडली आहेत. तिच्या आधीही जवळून घेतलेली दृश्यं होती. पण भिंगातून काहीतरी दाखवायचं म्हणून नव्हे, तर माणसाच्या मनात काय चाललंय ते दिसावं म्हणून 1906 मध्ये कॅमेरा इतका जवळ नेणं मोठं आहे. आणि ते दाखवण्यासाठी तिला सापडलं काय, तर डोहाळे! आपल्याकडे डोहाळजेवणाला फुलांचे दागिने घालून ज्या बाईला झोपाळ्यावर बसवतात, तिला असं उसनं अबसिंथ पिताना कुणी कल्पिलं असतं?

ती स्त्रीवादी होती का?

ती स्वतःला तसं म्हणवत असे याचा आग्रह मी धरणार नाही. 1906 चाच तिचा ‘स्त्रीवादाचे परिणाम’ पाहा. त्यात पुरुष शिवण-इस्त्री करतात, मुलं सांभाळतात, लाजतात. बायका कॅफेत पाय पसरून पितात, पेपर वाचतात, वाटेत भेटलेल्या पुरुषांची छेड काढतात. शेवटी पुरुष बंड करून कॅफे परत मिळवतात. स्त्रीवादाची टिंगल म्हणून हा चित्रपट सहज खपला असणार. पण बायकांच्या वागण्यातलं प्रत्येक ओंगळ तपशील हे मुळात पुरुषांचं रोजचं वागणं आहे. कुणावर हसायचं हे तिने प्रेक्षकावर सोडलं. कॉलेजच्या मुलामुलींना दाखवला तेव्हा छेडछाडीच्या दृश्यात मुली आधी हसल्या, मुलं जरा उशिरा.

फाळक्यांनी पाहिलेला ख्रिस्तावरचा चित्रपट आलीसचाच ना?

हा प्रश्न आला नाही असा एकही कार्यक्रम झाला नाही.

आधी चित्रपट. 1906 मध्ये आलीसने ख्रिस्ताचं जन्म ते पुनरुत्थान असं चरित्र पंचवीस प्रसंगांत चित्रित केलं. लांबी अर्ध्या तासाहून थोडी जास्त, जेव्हा बहुतेक चित्रपट पाच-दहा मिनिटांचे असत. सुमारे तीनशे जादा कलाकार. टिसो या चित्रकाराच्या सचित्र बायबलावरून सेट आणि पोशाख बेतले होते. सेट आँरी मेनेसिएचे, बाहेरच्या दृश्यांत गर्दी हाकायला व्हिक्तोरँ जासे हा सहायक. ख्रिस्ताच्या भोवती तिने बायका सतत ठेवल्या आहेत: पाणी पाजणाऱ्या, चेहरा पुसणाऱ्या, क्रुसाखाली बसलेल्या. पाळण्यातल्या बाळाभोवती वाद्यं वाजवणारे देवदूतही.

आता फाळके. 1910-11 च्या सुमारास त्यांनी गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. 1917 मध्ये ‘नवयुग’ मासिकात त्यांनीच लिहिलं आहे की पडद्यावर ख्रिस्त सरकत असताना आपल्या मनात राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या दिसत होती. तो खेळ नसता तर ‘राजा हरिश्चंद्र’ कधी झाला असता, कसा झाला असता, सांगता येत नाही.

अनेक ठिकाणी आता ठामपणे लिहिलेलं असतं की तो चित्रपट आलीस गीचा. असू शकतो. पण ख्रिस्तचरित्र पाथे कंपनीनेही काढलं होतं, तेही हाताने रंगवलेलं, आणि तेही जगभर फिरत होतं. त्या काळी चित्रपटावर दिग्दर्शकाचं नाव नसे, फक्त कंपनीचं चिन्ह असे. फाळक्यांनी दिग्दर्शकाचं नाव लिहिलं नाही कारण पडद्यावर ते नव्हतंच. मला व्यक्तिशः तो आलीसचाच असावा असं वाटतं, म्हणून तर मी जास्त सांभाळून बोलते.

आणि याच ओघात सरस्वतीबाई फाळके आठवतात. फिल्मच्या कडेला भोकं पाडणं, ती धुणं, रसायनं मिसळणं, शिवाय कंपनीतल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक. पडद्यावर त्यांचंही नाव नव्हतं. 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीच्या कामाला बाई मिळेना म्हणून साळुंके नावाच्या तरुणाला लुगडं नेसवावं लागलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच वर्षी अमेरिकेत आलीस स्वतःच्या स्टुडिओची मालकीण होती.

ती अमेरिकेला का गेली?

लग्न. हर्बर्ट ब्लाशे हा गोमाँचा लंडन-बर्लिन बाजूचा माणूस, तिच्याहून वयाने लहान. फ्रान्सच्या दक्षिणेत एका चित्रणाच्या वेळी नेहमीचा कॅमेरामन आजारी पडला म्हणून त्याला पाठवलं होतं. 1907 मध्ये लग्न झालं आणि लगेच गोमाँने त्याला क्रोनोफोन विकायला अमेरिकेला धाडलं. आलीसने राजीनामा दिला. इंग्रजी येत नाही, घरचं कुणी जवळ नाही, आणि अकरा-बारा वर्षांत उभं केलेलं खातं मागे. क्रोनोफोनला तिकडे गिऱ्हाईक मिळालं नाही. 1908 मध्ये मुलगी सिमोन झाली.

मग सोलॅक्स?

न्यूयॉर्कच्या फ्लशिंग भागात गोमाँचा एक स्टुडिओ अर्धाअधिक रिकामा पडलेला होता. 1910 मध्ये तिने तो भाड्याने घेऊन सोलॅक्स कंपनी काढली. धंदा इतका चालला की 1912 मध्ये न्यू जर्सीतल्या फोर्ट ली गावात लाखाहून अधिक डॉलर खर्चून स्वतःचा स्टुडिओ बांधला. हॉलिवूडच्या आधी अमेरिकन चित्रपटांचं गाव म्हणजे फोर्ट ली. त्या सुमारास तिला मुलगाही झाला.

स्टुडिओत तिने मोठ्या अक्षरांत पाटी लावली होती, अर्थ एवढाच: ‘नैसर्गिक वागा’. नट तेव्हा रंगमंचावरून आलेले, हात छातीवर मारून शेवटच्या रांगेपर्यंत दुःख पोचवायची सवय झालेले. ओरडून सांगण्यापेक्षा पाटी बरी.

सोलॅक्समधला माझा आवडता ‘फॉलिंग लीव्ह्ज’, 1912. मोठ्या बहिणीला क्षय झालाय. डॉक्टर म्हणतात, शेवटचं पान गळेपर्यंत ही जाईल. धाकटी चिमुरडी हे ऐकते, रात्री गुपचूप बागेत जाते आणि गळलेली पानं दोऱ्याने फांद्यांना बांधायला लागते. एवढंच. ते दृश्य पाहताना हॉलमध्ये कुणी खोकतसुद्धा नाही. पुढे रस्त्याने जाणारा नेमका क्षयावर लस शोधणारा डॉक्टर निघतो वगैरे, ते सोडून द्या.

कृष्णवर्णीय कलाकारांचा पहिला चित्रपटही तिचाच?

‘अ फूल अँड हिज मनी’, 1912. सगळे कलाकार आफ्रिकन-अमेरिकन असलेल्या, आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या कथापटांत तो मोडतो. तेव्हा गोऱ्या नटांना काळं फासून अशा भूमिका देत. चित्रपट वर्णद्वेषापासून मुक्त आहे असं मात्र म्हणता येणार नाही. पैसे सापडल्यावर उडवणाऱ्या मूर्खाची ती विनोदी गोष्ट आहे आणि त्या काळचे ठोकताळे तिच्यात आहेतच.

सोलॅक्स बुडालं कसं?

एका कारणाने नाही. छोट्या चित्रपटांचा जमाना संपून मोठ्यांचा आला, वितरकांच्या हातात सगळी सूत्रं गेली, युद्ध सुरू झालं, चित्रपट कॅलिफोर्नियाच्या उन्हाकडे सरकले. स्वतंत्र छोट्या कंपन्या एकामागून एक मिटल्या. घरातही गोष्टी बदलल्या होत्या. गोमाँबरोबरचा करार संपल्यावर हर्बर्ट धंद्यात आला. वितरकांच्या बैठकांना तिने येऊ नये असं त्याने सुचवलं. तिच्यासमोर पुरुषांना मोकळेपणी सिगार ओढता येत नाहीत आणि थुंकता येत नाही म्हणून. आठवणींत हे ती अगदी सपाटपणे सांगते. पैसे, स्टुडिओ, नाव तिचं, पण सौदा ठरणार त्या खोलीत ‘तू का आलीस?’

1914 नंतर ती दुसऱ्यांच्या कंपन्यांसाठी मोठे चित्रपट करत राहिली. 1918 च्या सुमारास हर्बर्ट हॉलिवूडला निघून गेला, एकटा नव्हे. ती स्पॅनिश फ्लूने मरता मरता वाचली. 1920 चा ‘टार्निश्ड रेप्युटेशन्स’ हा तिचा शेवटचा चित्रपट. स्टुडिओ लिलावात गेला, संसार मोडला आणि 1922 मध्ये दोन मुलांना घेऊन ती फ्रान्सला परतली.

फ्रान्समध्ये पुन्हा चित्रपट का केले नाहीत?

कुणी दिले नाहीत. पन्नाशीला टेकलेली बाई, हातात दाखवायला एकही फीत नाही. ती चित्रपटांच्या कथा मासिकांसाठी लिहून देत असे, मुलांसाठी गोष्टी लिहीत असे. पुढे मुलगी सिमोन अमेरिकन वकिलातींत नोकरीला लागली आणि आई तिच्याबरोबर तिच्या बदल्यांच्या गावी राहू लागली. कधी काळी आईला पोसायला टायपिंग शिकलेली मुलगी उतारवयात मुलीच्या पगारावर.

तिचं नाव इतिहासातून गेलं कसं? कुणी मुद्दाम पुसलं का?

मुद्दाम पुसण्याची गरजच पडली नाही. कंपनीच्या यादीत दिग्दर्शकाचं नाव नसे, त्यामुळे नंतर यादी चाळणाऱ्याने ओळखीची नावं भरली. ख्रिस्तावरचा चित्रपट गर्दी हाकणाऱ्या जासेच्या नावावर गेला. काही फुईयादच्या. फ्रेंच चित्रपटाचा इतिहास लिहिणाऱ्या मोठ्या अभ्यासकांनी ही माहिती छापली आणि मग ती एकाकडून दुसऱ्याकडे उतरत गेली.

सगळ्यात बोचणारी गोष्ट गोमाँची. 1930 च्या सुमारास कंपनीचा इतिहास लिहिला गेला, त्यात 1907 च्या आधीचं चित्रपटांचं काम जवळजवळ गायब. आलीसने पत्र लिहिलं. म्हाताऱ्या गोमाँनेही चूक कबूल केली, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू म्हणाला. 1946 मध्ये तो वारला. 1954 मध्ये त्याचा मुलगा लुई गोमाँ याने जाहीर भाषणात तिचं नाव घेतलं तेव्हा कुठे थोडी हालचाल झाली, आणि फ्रान्सने त्या दशकात तिला लेजिओं दॉनर हा मोठा राष्ट्रीय सन्मान दिला.

तोपर्यंत ती स्वतःच कामाला लागली होती. 1927 मध्ये अमेरिकेला जाऊन तिने आपले चित्रपट शोधले होते, एकही हाती लागला नव्हता. मग आठवणीतून याद्या केल्या: नाव, साल, कोण होतं, कुठे चित्रण केलं. अभ्यासकांना पत्रं पाठवली. ज्या पत्रव्यवहाराला उशीर होऊ नये अशी अट होती, तो तिचा अखेरपर्यंत सुटला नाही. आठवणी लिहिल्या, त्या छापायला प्रकाशक मिळाला नाही. पुस्तक 1976 मध्ये निघालं. ती 24 मार्च 1968 रोजी न्यू जर्सीत, चौऱ्याण्णवाव्या वर्षी वारली होती.

एकूण चित्रपट किती?

मिनिटाच्या फितींपासून मोठ्या चित्रपटांपर्यंत सगळे धरून हजाराच्या आसपास, असा आकडा सांगतात. त्यांतले दीडशेच्या जवळपास सापडले आहेत, आणि अजून सापडताहेत. बाकीचे कुजले, जळले, किंवा चांदीसाठी वितळवले गेले.

आता तिला मान मिळतो का?

मिळतो. 2012 मध्ये न्यू जर्सीत तिच्या कबरीवर नवा दगड बसवला, पहिली स्त्री-दिग्दर्शिका आणि सोलॅक्स स्टुडिओ असा उल्लेख असलेला. आधीच्या दगडावर नाव आणि तारखांखेरीज फारसं काही नव्हतं. 2018 मध्ये तिच्यावर मोठा माहितीपट आला. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात सीन नदीकाठी दहा स्त्रियांचे सोनेरी पुतळे वर आले, त्यांत एक तिचा होता.

भारतात तिच्यासारखी कोण?

सारखी कुणी नाही. 1926 मध्ये ‘बुलबुल-ए-परिस्तान’ करणाऱ्या फातमा बेगम आपल्या पहिल्या दिग्दर्शिका, स्वतःची कंपनी काढणाऱ्या. त्यांच्यावर अशीच प्रश्नोत्तरं कुणीतरी लिहायला हवीत. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई 1913 मध्ये फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये पडद्यावर आल्या, पण त्या अभिनेत्री.

कुठून पाहायला सुरुवात करू?

टिकलेले बरेच चित्रपट स्वामित्वहक्कातून बाहेर आहेत, इंटरनेटवर फुकट मिळतात. ‘डोहाळे’ आधी, मग 1905 ची ती चित्रणाची फीत, मग ‘फॉलिंग लीव्ह्ज’. ख्रिस्तचरित्र शेवटी, आणि शक्य तर मोठ्या पडद्यावर. फोनवर तीनशे माणसं म्हणजे मुंग्या दिसतात. माणसं दुडक्या चालीने धावताना दिसली तर वेग कमी करून पाहा, मूळ चित्रण कमी वेगाचं असतं. वरून चिकटवलेलं पिपाणीछाप संगीत सरळ बंद करा.

लहान मुलांना दाखवले तर चालतील का?

चालतील, माझ्या भाच्याला ‘कोबीची परी’ दोनदा दाखवावी लागली. दुसऱ्या दिवशी आई मंडईतून कोबी घेऊन आली तेव्हा त्याने तो चिरू दिला नाही.